चेन्नईच्या धक्क्यावर उतरल्यानंतर : तिरुपती आणि पुदुच्चेरीला जाण्यासाठी वाहन कसे निवडावे

चेन्नई : पर्यटक जहाजातून चेन्नई बंदरात उतरणाऱ्या प्रवाशांपैकी अनेकांचा प्रवास तेथे संपत नाही. कोणाला तिरुपतीला बालाजीच्या दर्शनासाठी जायचे असते, कोणाला पुदुच्चेरीला, तर कोणाला बंगळुरूमार्गे घरी परतायचे असते. यातील प्रत्येक वाट तमिळनाडूची हद्द ओलांडते. तिरुपती आंध्र प्रदेशात आहे, पुदुच्चेरी हा स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश आहे आणि बंगळुरू कर्नाटकात. जहाजाच्या तिकिटाची जबाबदारी सर्वसाधारणपणे धक्क्यापर्यंत असते. त्यापुढची रेल्वे, बस किंवा मोटार प्रवाशाला स्वतः निवडावी लागते. ही निवड केवळ भाडे पाहून केल्यास गाडी चुकणे, सीमेवर वाहन अडवले जाणे किंवा दर्शनाची राखीव वेळ निघून जाणे असे प्रसंग ओढवतात. वाहनाचा परवाना, ते सुटण्याचे ठिकाण आणि बंदरातून बाहेर पडण्यास लागणारा वेळ या तीन बाबी भाड्याच्या आधी पाहायला हव्यात.

जहाजे आणि बंदर

चेन्नई हे देशातील जुन्या प्रमुख बंदरांपैकी एक असून ते नैसर्गिक नव्हे, तर समुद्रात बांध घालून उभारलेले कृत्रिम बंदर आहे. ‘मद्रास पोर्ट ट्रस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा कारभार आता प्रमुख बंदर प्राधिकरण कायदा, २०२१ नुसार चेन्नई बंदर प्राधिकरणाकडे आहे. बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ पर्यटन टर्मिनल १७.२१ कोटी रुपये खर्चून उभारण्यात आले. ५ जून २०२३ रोजी केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्री सर्बानंद सोनोवाल यांनी चेन्नई ते श्रीलंका या आंतरराष्ट्रीय सफरीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाला येथूनच हिरवा झेंडा दाखवला. हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि जाफन्याजवळचे कांकेसंथुराई ही त्या सफरीची श्रीलंकेतील बंदरे होती.

पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असताना मुंबई आणि गोव्याहून पर्यटक जहाजे चालवणे कठीण असते. त्या काळात बंगालच्या उपसागराच्या बाजूने चेन्नईहून सफरी चालवणे सोयीचे ठरते. त्यामुळे मुंबई-पुण्याहून विमानाने किंवा रेल्वेने चेन्नई गाठून जहाजात बसणारे मराठी प्रवासीही आढळतात. जहाजसफरीला जोडूनच तिरुपतीचे दर्शन करण्याचा बेत अशा कुटुंबांत स्वाभाविकपणे आखला जातो.

समुद्र आणि जमीन एकाच तिकिटात जोडणारी व्यवस्था दक्षिण भारताला नवी नाही. १९१४ मध्ये पांबन पूल सुरू झाल्यानंतर मद्रासच्या एगमोर स्थानकातून निघालेला प्रवासी रेल्वेने धनुष्कोडीला, तेथून बोटीने तलाईमन्नारला आणि पुढे पुन्हा रेल्वेने कोलंबोला जात असे. ‘बोट मेल’ या नावाने ती गाडी प्रसिद्ध होती. डिसेंबर १९६४ मधील चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केले आणि ती वाट बंद पडली. आजच्या पर्यटक जहाजाच्या तिकिटाला मात्र रेल्वेचे तिकीट जोडलेले नसते. जहाजाचे वेळापत्रक रेल्वेला बांधील नाही आणि रेल्वेही जहाजासाठी थांबत नाही.

सफर संपली की केवळ थांबा?

वाहन निवडण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर निश्चित असावे लागते. चेन्नईत प्रवाशाची सफर संपत आहे, की जहाज काही तासांसाठी थांबून त्याच प्रवाशांसह पुढे निघणार आहे? या दोन्ही स्थितींत निवडीचे निकष पूर्णपणे वेगळे आहेत.

सफर संपत असेल, तर प्रवाशाकडे संपूर्ण सामान असते आणि परतीची घाई नसते. अशा वेळी रेल्वे, बस, मोटार असे सर्व पर्याय खुले राहतात. जहाज केवळ थांबणार असेल, तर ठरलेल्या वेळेपूर्वी परत पोहोचणे सर्वांत महत्त्वाचे. जहाज कंपनीने स्वतः आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाल्यास पुढची व्यवस्था पाहण्याची जबाबदारी सामान्यतः कंपनी घेते. स्वतंत्रपणे बाहेर पडलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. चेन्नई ते तिरुपती हे अंतर रस्त्याने सुमारे १४० किलोमीटर असून एका बाजूचा प्रवास तीन ते चार तासांचा होतो. त्यात तिरुमला डोंगरावर जाण्याचा आणि दर्शनाचा वेळ मिळवला, तर एका दिवसाच्या थांब्यात स्वतंत्रपणे तिरुपती करून परतण्याचा बेत धोक्याचा ठरतो. अशा प्रवाशांनी राज्याच्या हद्दीतच असलेल्या, पूर्व किनारा मार्गावरील सुमारे ५५ किलोमीटर अंतराच्या महाबलीपुरमचा विचार करणे अधिक शहाणपणाचे आहे.

धक्क्यापासून शहरापर्यंत

बंदर हे सुरक्षित क्षेत्र असल्याने तेथे कोणतेही वाहन थेट जहाजाशेजारी नेता येत नाही. जहाजे आणि बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता १ जुलै २००४ पासून जगभर लागू आहे. प्रवेशपत्राशिवाय वाहनाला व चालकाला आत सोडले जात नाही. म्हणून मोटार आरक्षित करताना ती टर्मिनलपर्यंत येणार आहे की प्रवेशद्वाराबाहेर थांबणार आहे, हे आधी विचारून घ्यावे. प्रवेशद्वाराचा क्रमांकही लेखी घ्यावा. बंदराला अनेक प्रवेशद्वारे आहेत आणि मालवाहू ट्रेलरच्या गर्दीत एका द्वाराकडून दुसऱ्याकडे जाण्यात बराच वेळ जाऊ शकतो.

परदेशी बंदराला स्पर्श करून आलेल्या जहाजातील प्रवाशांना पारपत्र तपासणी आणि सीमाशुल्क या दोन्ही टप्प्यांतून जावे लागते. केवळ भारतीय बंदरांमधील सफरीत हे टप्पे सामान्यतः नसतात, परंतु सामान उतरवणे आणि रांगेने बाहेर पडणे यात वेळ लागतोच. जहाज धक्क्याला लागण्याची वेळ आणि प्रवासी रस्त्यावर येण्याची वेळ यांत मोठे अंतर असू शकते. त्यामुळे जहाज लागण्याच्या घोषित वेळेनंतर किमान चार तासांच्या आत सुटणारी आरक्षित गाडी न घेणे हा सुरक्षित संकेत मानावा.

शहरांतर्गत जोडणी मात्र चांगली आहे. बंदरासमोरील राजाजी सालई या रस्त्यालगत चेन्नई बीच हे उपनगरी रेल्वे स्थानक आहे. तेथून तांबरमच्या दिशेने जाणारी लोकल फोर्ट आणि पार्क ही स्थानके घेत एगमोरला पोहोचते. पार्क स्थानक चेन्नई सेंट्रलसमोरच आहे. मेट्रोच्या निळ्या मार्गावरील मन्नडी आणि हायकोर्ट ही स्थानके बंदराला जवळची असून हाच मार्ग सेंट्रलवरून विमानतळापर्यंत जातो. जड सामान किंवा वृद्ध व्यक्ती सोबत असल्यास सेंट्रलपर्यंतच्या सुमारे तीन किलोमीटरसाठी टॅक्सी किंवा रिक्षा घेणे इष्ट.

सेंट्रल आणि एगमोर ही दोन वेगळी स्थानके आहेत, हे परगावच्या प्रवाशांच्या अनेकदा लक्षात येत नाही. २०१९ पासून सेंट्रल स्थानकाचे अधिकृत नाव ‘पुरच्ची तलैवर डॉ. एम. जी. रामचंद्रन सेंट्रल’ असे असून तिकिटावर ते ‘एमजीआर चेन्नई सेंट्रल’ असे छापले जाते. तिरुपती आणि बंगळुरूच्या बहुतेक गाड्या सेंट्रलहून सुटतात. विळुपुरम, पुदुच्चेरी आणि दक्षिण तमिळनाडूकडे जाण्यासाठी एगमोर किंवा तांबरम गाठावे लागते.

सीमा आखणारा मराठी निवाडा

तिरुपतीच्या वाटेवर ओलांडावी लागणारी सीमा मराठी वाचकाला एका कारणासाठी परिचित वाटावी. १ ऑक्टोबर १९५३ रोजी स्वतंत्र आंध्र राज्य अस्तित्वात आल्यावर तिरुत्तणीसह सीमेवरील अनेक भाग कोणत्या राज्यात असावेत, यावर वाद निर्माण झाला. म. पो. शिवज्ञानम यांच्यासारख्या तमिळ नेत्यांनी त्यासाठी आंदोलने केली. हा वाद सोडवण्यासाठी महाराष्ट्रातील ज्येष्ठ कायदेपंडित आणि माजी केंद्रीय मंत्री हरि विनायक पाटसकर यांची मध्यस्थ म्हणून नेमणूक झाली. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत या तत्त्वांवर त्यांनी निवाडा दिला. त्यानुसार झालेल्या १९५९ च्या कायद्याची अंमलबजावणी १ एप्रिल १९६० पासून झाली. तिरुत्तणीचा बहुतांश भाग तेव्हाच्या मद्रास राज्यात आला, सत्यवेडू परिसर आंध्र प्रदेशाकडे गेला आणि तिरुपती आंध्रातच राहिले. पुढे कर्नाटकाशी असलेल्या सीमावादात महाराष्ट्राने याच ‘पाटसकर तत्त्वां’चा आधार घेतला.

या निवाड्याचा परिणाम आजच्या प्रवाशाला रस्त्यावर दिसतो. चेन्नईहून तिरुवल्लूर व तिरुत्तणीमार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग नगरीच्या परिसरात आंध्र प्रदेशात शिरतो आणि पुत्तूर, रेणिगुंट्यावरून तिरुपतीकडे वळतो. उत्तुक्कोट्टै, नागलापुरममार्गे जाणारा दुसरा रस्ताही प्रचलित आहे. भाषा, रस्त्यावरील पाट्या, राज्य परिवहनाच्या बस आणि वाहनांवरील कर हे सर्व या रेषेवर बदलते. रेल्वे मात्र तशीच पुढे जाते.

तिरुपतीसाठी रेल्वे

आंतरराज्य सीमेचा विचार करता रेल्वे हा सर्वांत निर्वेध पर्याय आहे. रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत असल्याने राज्य बदलले तरी परवाना, प्रवेशकर किंवा तपासणी नाक्याचा प्रश्न उद्भवत नाही. सेंट्रलहून अरक्कोणम, तिरुत्तणी, पुत्तूर, रेणिगुंटा या मार्गाने तिरुपतीला सुमारे तीन ते साडेतीन तास लागतात.

अडचण वेळेची आहे. सप्तगिरी एक्स्प्रेस सकाळी लवकर सुटते. सेंट्रलहून विजयवाड्याकडे जाणारी आणि रेणिगुंट्याला थांबणारी वंदे भारत एक्स्प्रेस तर पहाटेच निघते. सकाळी धक्क्याला लागणाऱ्या जहाजातील प्रवाशांना या दोन्ही गाड्या त्या दिवशी उपयोगाच्या नाहीत. दुपारनंतर निघणारी गरुडाद्री एक्स्प्रेस किंवा रेणिगुंट्यावरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या अधिक व्यवहार्य ठरतात. रेणिगुंटा ते तिरुपती हे अंतर सुमारे दहा किलोमीटर आहे.

महाराष्ट्रातील प्रवाशांसाठी येथे एक सोय दडलेली आहे. चेन्नईहून गुंतकल, सोलापूर, पुणेमार्गे मुंबईला जाणाऱ्या गाड्या रेणिगुंट्यावरूनच जातात. त्यामुळे तिरुपतीचे दर्शन घेऊन परतीच्या गाडीसाठी पुन्हा चेन्नईला येण्याची गरज नाही. परतीचे तिकीट रेणिगुंट्याहून घेता येते. कोल्हापूर, सांगली, मिरज आणि बेळगाव भागातील प्रवाशांसाठी तिरुपतीहून निघणारी हरिप्रिया एक्स्प्रेस ही थेट गाडी आहे. असा बेत आखला, तर सीमा एकदाच ओलांडावी लागते आणि चेन्नईचा एक फेरा वाचतो.

चेन्नईची उपनगरी सेवाही राज्याची सीमा ओलांडते. उत्तरेकडील मार्गावरील काही लोकल गुम्मिडिपूंडीच्या पुढे आंध्र प्रदेशातील सुळ्ळूरपेटापर्यंत जातात. श्रीहरिकोटा अवकाश केंद्राकडे जाणाऱ्यांसाठी तेच जवळचे स्थानक आहे.

बस : कोणत्या स्थानकावरून?

बसप्रवासात चूक होते ती प्रामुख्याने स्थानकाबाबत. पूर्वी बाहेरगावच्या जवळपास सर्व बस कोयंबेडू येथील, २००२ मध्ये सुरू झालेल्या स्थानकावरून सुटत. आता चित्र बदलले आहे. आंध्र प्रदेश आणि तेलंगणाकडील बससाठी २०१८ मध्ये उत्तर चेन्नईत माधवरम येथे स्वतंत्र स्थानक सुरू झाले. दक्षिणेकडील जिल्ह्यांच्या बससाठी वंडलूरजवळ किलांबाक्कम येथे उभारलेल्या कलैग्नर शताब्दी बस स्थानकाचे उद्घाटन ३० डिसेंबर २०२३ रोजी झाले. बंदरापासून माधवरम तुलनेने जवळ आहे, तर किलांबाक्कम शहराच्या दुसऱ्या टोकाला तीसहून अधिक किलोमीटरवर आहे. जुन्या माहितीच्या आधारे निघालेला प्रवासी चुकीच्या स्थानकावर पोहोचला, तर दोन तास सहज वाया जातात. तिकिटावरील बस ‘कोठे जाणार’ यासोबत ‘कोठून सुटणार’ हे वाचणे म्हणूनच आवश्यक आहे.

तिरुपतीसाठी तमिळनाडू आणि आंध्र प्रदेश या दोन्ही राज्यांच्या परिवहन सेवा उपलब्ध आहेत. दोन राज्यांतील करारानुसार धावणाऱ्या या बसना सीमेवर वेगळ्या परवान्याची चिंता नसते. सवलतींना मात्र सीमा असते. महाराष्ट्रात एसटीमध्ये महिलांना मार्च २०२३ पासून भाड्यात ५० टक्के सवलत मिळते आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास करता येतो. या सवलती अन्य राज्यांच्या बसमध्ये लागू होत नाहीत. तमिळनाडूतील महिलांचा मोफत प्रवास साध्या शहरी बसपुरता आहे. आंध्र प्रदेशाने १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू केलेली मोफत प्रवास योजना त्या राज्यातील महिलांसाठी आणि राज्याच्या हद्दीतील ठरावीक बससाठी आहे. खर्चाचा अंदाज पूर्ण भाडे गृहीत धरूनच करावा.

खासगी आरामबसबाबत परवान्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अन्य राज्यांत नोंदणी करून अखिल भारतीय पर्यटक परवान्यावर नियमित टप्पा वाहतूक करणाऱ्या खासगी बसविरुद्ध तमिळनाडूच्या परिवहन विभागाने जून २०२४ मध्ये कारवाई सुरू केली. पर्यटक परवाना हा ठरलेल्या गटाला ठरलेल्या स्थळी नेण्यासाठी असतो. वाटेत प्रवासी चढवत-उतरवत जाण्यासाठी तो नसतो. अशा कारवाईत बस अडकली, तर तिच्यातील प्रवाशांची गैरसोय होते.

मोटार : पिवळी पाटी आणि परवाना

तीन किंवा चार जणांचे कुटुंब, सोबत जहाजातील मोठ्या बॅगा आणि ज्येष्ठ नागरिक असतील, तर मोटार हा सर्वांत सुखाचा पर्याय असतो. तो सुरक्षित आहे की नाही, हे वाहनाच्या कागदपत्रांवर अवलंबून आहे.

भाड्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनाची नोंदणी पाटी पिवळी असून तिच्यावरील अक्षरे काळी असतात. विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या वाहनाची पाटी हिरवी व अक्षरे पिवळी असतात. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोटारीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार भाड्याने देणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ चा भंग आहे, मग भाडे कितीही कमी असो.

पिवळी पाटी असली, म्हणजे वाहन सर्व राज्यांत जाऊ शकते असे नाही. त्यासाठी कायद्याच्या कलम ८८ नुसार पर्यटक परवाना किंवा त्या फेरीपुरता विशेष परवाना लागतो. केंद्राच्या अखिल भारतीय पर्यटक वाहन (परवाना) नियम, २०२३ नुसार परवानाधारक वाहन देशभर पर्यटक नेऊ शकते. हा परवाना ऑनलाइन मिळतो. प्रवाशांची यादी वाहनात ठेवणे संचालकावर बंधनकारक आहे. परवाना नसलेल्या चालकाला सीमेवर तात्पुरता परवाना आणि कर भरावा लागतो. तो खर्च कोणी करायचा, यावरून वाद होतात.

परवान्याचा संबंध विम्याशीही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमृतपाल सिंग विरुद्ध टाटा एआयजी या खटल्यात स्पष्ट केले की, सार्वजनिक ठिकाणी परवान्याविना वाहतूक वाहन चालवणे हा विमा करारातील मूलभूत भंग आहे. अशा वेळी विमा कंपनी पीडिताला भरपाई देऊन ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करू शकते. अपघातानंतरचा हा गुंता टाळायचा असेल, तर प्रवासापूर्वी वाहनाचा क्रमांक ‘एम-परिवहन’ या सरकारी ॲपमध्ये टाकून परवाना, विमा आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत पाहता येते. यास दोन मिनिटे पुरतात.

भाडे ठरवताना पुढील बाबी संदेशाद्वारे लेखी घ्याव्यात : भाडे एका बाजूचे आहे की जाण्या-येण्याचे, दररोज किमान किती किलोमीटर आकारले जातील, टोल, वाहनतळ आणि राज्य परवाना शुल्क त्यात धरले आहे का, चालकाचा भत्ता किती, रात्री चालवण्याचे वेगळे शुल्क आहे का, आणि जहाज उशिरा आल्यास थांबण्याचे किती पैसे द्यावे लागतील. दक्षिणेत चालकाच्या भत्त्याला ‘बाटा’ म्हणतात. एका बाजूच्या प्रवासातही परतीच्या रिकाम्या फेरीचे पैसे धरले जाण्याची पद्धत असल्याने पहिल्यांदा सांगितलेला आकडा अंतिम समजू नये.

तिरुमला डोंगरासाठी आणखी काळजी

तिरुपती शहर आणि तिरुमला डोंगर यांत सुमारे २२ किलोमीटरचा घाट आहे. अलिपिरी तपासणी नाक्यावर प्रत्येक वाहन व सामान तपासले जाते. मद्य, मांस आणि तंबाखूजन्य पदार्थ डोंगरावर नेण्यास मनाई आहे. जहाजावरील दुकानातून करमुक्त मद्य घेतलेल्या प्रवाशांनी हे विशेषतः लक्षात ठेवावे. अशा वस्तू सोबत घेऊन तिरुमलाला निघणे म्हणजे नाक्यावर अडवून घेणे होय. ऑगस्ट २०२५ पासून अलिपिरी येथे वाहनांना फास्टॅग अनिवार्य करण्यात आला आहे. भाड्याच्या मोटारीला तो आहे का, हे विचारून घ्यावे. मोटार तिरुपतीतच ठेवून आंध्र प्रदेश परिवहनाच्या घाटातील बसने वर जाण्याचा पर्यायही सोपा आहे.

३०० रुपयांचे विशेष प्रवेश दर्शनाचे तिकीट ठरावीक दिवस आणि वेळेचे असते. ते देवस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावर आधीच घ्यावे लागते. पूर्वी विविध राज्यांच्या पर्यटन महामंडळांच्या सहलीत दर्शनाचा राखीव कोटा असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिरुमला तिरुपती देवस्थानच्या मंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे ‘मोटारीसोबत दर्शनाची हमी’ देणाऱ्या दलालाकडे तिकीट कोणाच्या नावावर आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दर्शनाची वेळ शक्यतो जहाज परतण्याच्या दुसऱ्या दिवशीची घ्यावी.

पुदुच्चेरी : सीमा अनेकदा ओलांडणारा रस्ता

पुदुच्चेरी चेन्नईपासून पूर्व किनारा मार्गाने सुमारे १५० किलोमीटरवर आहे. फ्रेंच सत्तेखालील हा प्रदेश १ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रत्यक्षात भारताकडे आला आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी कायदेशीर हस्तांतर पूर्ण झाले. जुन्या फ्रेंच हद्दी तशाच राहिल्याने पुदुच्चेरीचा भाग सलग नाही. त्याची गावे तमिळनाडूच्या गावांमध्ये मिसळलेली आहेत. ऑरोविलचा बहुतांश भाग तमिळनाडूच्या विळुपुरम जिल्ह्यात येतो. पुदुच्चेरी शहर आणि ऑरोविल पाहणारी मोटार एका दिवसात अनेकदा हद्द ओलांडते. तमिळनाडूच्या मोटारीला पुदुच्चेरीत जाण्याची मुभा आहे का, हा प्रश्न म्हणूनच येथेही विचारावा.

पुदुच्चेरीला समुद्रमार्गे थेट उतरण्याची कल्पना आकर्षक असली, तरी ती परवानगीवर अवलंबून असते. जून २०२२ मध्ये चेन्नईहून निघालेल्या पर्यटक जहाजाच्या कार्यक्रमात पुदुच्चेरी हा थांबा होता. प्रशासनाची परवानगी न मिळाल्याने प्रवाशांना तेथे उतरता आले नाही. जहाजाच्या कार्यक्रमपत्रिकेतील थांब्यावर विसंबून पुदुच्चेरीतील निवास आरक्षित करताना रद्द करण्याची सोय असलेले आरक्षण घेणे हाच त्यातून मिळणारा धडा आहे.

रेल्वेने विळुपुरममार्गे पुदुच्चेरीला जाता येते, परंतु गाड्या मोजक्या आहेत आणि वेळ सुमारे चार तास लागतो. किनाऱ्याने जाणारी बस किंवा मोटार येथे सरस ठरते. महाबलीपुरम वाटेवरच असल्याने मोटार घेतल्यास ते पाहूनही जाता येते. पुदुच्चेरीत मद्य स्वस्त असल्याने तमिळनाडूच्या हद्दीत परतताना वाहनांची तपासणी होते. मर्यादेपेक्षा अधिक मद्य बाळगल्यास वाहनही जप्त होऊ शकते.

बंगळुरूच्या प्रवाशांसाठी निवड तुलनेने सरळ आहे. सुमारे ३५० किलोमीटरच्या या अंतरासाठी सेंट्रलहून दिवसभर गाड्या आहेत. पाच-सहा तासांचा रेल्वेप्रवास होसूरच्या सीमेवरील वाहतूककोंडीपेक्षा निश्चितच सुसह्य आहे.

हवामान आणि तक्रारीचा मार्ग

ऑक्टोबर ते डिसेंबर हा चेन्नईचा मुख्य पावसाळा आणि चक्रीवादळांचा काळ आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पावसाने शहर जलमय झाले, विमानतळ बंद ठेवावा लागला आणि अनेक रेल्वेगाड्या रद्द झाल्या. या महिन्यांत जहाजाचे आगमन पुढे-मागे होऊ शकते. परत न मिळणारे तिकीट घेण्यापेक्षा एक रात्र चेन्नईत मुक्कामाची तरतूद ठेवणे स्वस्त पडते.

सेवेत त्रुटी राहिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आपल्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकतो. म्हणजे चेन्नईतील वाहन कंपनीविरुद्धची तक्रार नागपूर किंवा नाशिकच्या रहिवाशाला आपल्याच जिल्ह्यात दाखल करता येते. त्यासाठी पावती, संदेशातील करार आणि वाहन क्रमांक जपून ठेवलेला असावा.

कोणी काय निवडावे

एकटा किंवा दोघांचा प्रवास, मोजके सामान आणि तिरुपतीहून थेट महाराष्ट्रात परतण्याचा बेत असेल, तर रेल्वे सर्वांत योग्य. तिरुपतीसाठी दुपारच्या रेल्वेचे आरक्षण न मिळाल्यास माधवरमहून राज्य परिवहनाची बस हा खात्रीचा दुसरा मार्ग. वृद्ध, लहान मुले आणि मोठे सामान असलेल्या कुटुंबाने अखिल भारतीय परवान्याची पिवळ्या पाटीची मोटार घ्यावी. पुदुच्चेरीसाठी पूर्व किनारा मार्गावरील बस किंवा मोटार निवडावी. काही तासांच्या थांब्यावर आलेल्या प्रवाशाने स्वतःच्या भरवशावर राज्याची हद्द ओलांडण्याचा मोह टाळावा.